नव्या स्मोकरवर पहिलं मांस कोणतं?

स्मोकर घरी आला की पहिल्या दिवशी त्यात काय लावायचं यावर घरात चार मतं निघतात. एकाला बकऱ्याची अख्खी रान, म्हणजे मागचा पाय, हवी असते. दुसऱ्याच्या डोक्यात व्हिडिओत पाहिलेला पाच-सहा किलोचा तुकडा असतो, बारा तास धुरात राहून काळाभोर झालेला. तिसरा म्हणतो, आधी मासळी करू, लवकर होते. ज्याने पैसे मोजलेत त्याचा प्रश्न मात्र साधा असतो: वाया जाणार नाही असं काय लावू?

अमेरिकी पुस्तकांत याचं उत्तर ठरलेलं आहे. आधी डुकराचा खांदा, आणि हात बसला की बैलाच्या छातीचा मोठा तुकडा. आपल्या भिवंडीत ही दोन्ही उत्तरं उपयोगाची नाहीत. डुकराचं मांस इथल्या बहुतेक घरांत चालत नाही आणि बाजारातही सहसा दिसत नाही. गायीची कत्तल महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यानेच बंद होती, २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्या बंदीत आले. राहतात कोंबडी, बकरा, म्हशीवर्गाचं मांस आणि खाडी-समुद्राची मासळी. उत्तर यातूनच शोधायला हवं.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: हाड आणि कातडी दोन्ही शाबूत असलेले कोंबडीचे अख्खे लेग. ते का, हे कळायला आधी आग, धूर, लाकूड आणि मांस यांचं काम कसं चालतं ते पाहावं लागेल.

१. सिगडी वेगळी, स्मोकर वेगळा

रमजानच्या रात्री भिवंडीत सिगडीवर सीख भाजली जाते तेव्हा मांस आणि निखारा यांत वीतभरही अंतर नसतं. निखाऱ्याची धग थेट मांसाला लागते. मांसातली चरबी निखाऱ्यावर टपकते, जळते, आणि तिचा धूर वर येऊन सीखेला चिकटतो. सीखेचा तो ओळखीचा वास बराचसा जळलेल्या चरबीचा असतो, लाकडाचा नव्हे. पाच-दहा मिनिटांत काम संपतं.

घरात आपण डाळीला किंवा खिम्याला धुंगार देतो, म्हणजे वाटीत पेटता कोळसा ठेवून त्यावर तूप सोडतो आणि झाकण लावतो. यात शिजणं अजिबात नाही, नुसता वास आहे.

स्मोकरमध्ये ही दोन्ही कामं एकदम होतात, पण सावकाश. आग एका बाजूला किंवा तळाशी असते, मांस तिच्यापासून लांब, आणि सगळं झाकणाखाली. मांसाला आगीची धग लागत नाही. गरम हवा लागते, साधारण ११० ते १५० अंश सेल्सिअसची, आणि त्या हवेबरोबर लाकडाचा धूर. तासन् तास चालणारं हे काम दोन छिद्रांवर चालतं. खालच्या छिद्रातून आगीला हवा मिळते, वरच्या छिद्रातून धूर बाहेर पडतो. खालचं छिद्र जरा उघडलं की आग वाढते, जरा मिटलं की मंदावते. वरचं सहसा उघडंच ठेवायचं, कारण धूर आत कोंडला की कडवट होतो.

झाकणाखालच्या मंद उष्णतेत मांस शिजवणं आपल्याकडे नवं नाही. पेण, अलिबाग, पनवेलकडे थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, अंडी, बटाटे आणि मसाला चोळलेली कोंबडी भरायची, तोंडाशी पुन्हा पाला दाबायचा, मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, पालापाचोळा, काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब घालत नाहीत. शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवर सगळं शिजतं. पोपटीतलं मांस कोंबडीचं असतं, हे लक्षात घेण्याजोगं आहे. ती शेंगांबरोबरच शिजून तयार होते आणि मडकं उघडून बघायची सोय नसतानाही सहसा बिघडत नाही. आगरी-शेतकरी घरांनी ही निवड कधीच करून ठेवली आहे.

२. चांगला धूर कसा ओळखायचा

लाकूड मुख्यतः तीन गोष्टींचं बनलेलं असतं: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. पहिल्या दोन पिठूळ-गोड वर्गातल्या, त्या तापून फुटल्या की किंचित गोड, भाजक्या वासाची द्रव्यं सुटतात. लिग्निन म्हणजे लाकडाला ताठपणा देणारं द्रव्य. ते फुटतं तेव्हा ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही संयुगं तयार होतात, आणि आपण ज्याला धुराचा वास म्हणतो तो मुख्यतः यांचाच.

आता मुद्द्याची गोष्ट. आगीला पुरेशी हवा मिळाली तर धूर पातळ, जवळजवळ दिसेनासा, निळसर असतो. हवा कमी पडली किंवा लाकूड ओलं असलं तर दाट, पांढरा-पिवळा धूर निघतो. नवा माणूस तो दाट धूर पाहून खूश होतो. प्रत्यक्षात त्यात अर्धवट जळलेली डांबरासारखी द्रव्यं असतात, ती मांसावर बसली की जिभेला झिणझिण्या येतात आणि कडवटपणा जात नाही. मांस आत ठेवायचं ते धूर निळसर झाल्यावरच.

धूर थंड आणि ओलसर पृष्ठभागावर जास्त बसतो. म्हणून मांस फ्रिजमधून काढून सरळ स्मोकरमध्ये ठेवलेलं चांगलं. ते बाहेर तासभर ठेवण्यात फायदा नाही, आणि भिवंडीच्या मे महिन्यात तर धोकाच आहे.

३. लाकूड कोणतं, आणि कोणतं मुळीच नको

भिवंडीत लाकडाला तोटा नाही, आणि खरा धोका तोच आहे. मानकोली, राहनाळ, पूर्णा, दापोडे भागातल्या गोदामांतून मोडकी पॅलेट आणि खोकी ढिगांनी बाहेर पडतात आणि फुकट किंवा कवडीमोलाने मिळतात. ती स्मोकरमध्ये घालू नका. एक तर त्यांतलं बरंच लाकूड पाइनचं असतं आणि त्यातल्या राळेची काजळी मांसावर बसते. दुसरं म्हणजे, परदेशी मालाबरोबर येणाऱ्या पॅलेटवर कीड मारण्याची प्रक्रिया केलेली असते. पॅलेटच्या बाजूला शिक्का बघा. ‘एचटी’ अशी रोमन अक्षरं असली तर लाकूड तापवून घेतलेलं असतं. ‘एमबी’ असली तर मिथाईल ब्रोमाईड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. आणि शिक्का कोणताही असला तरी त्या पॅलेटवर वाटेत काय सांडलं होतं ते कोणालाच माहीत नसतं. प्लायवूड, रंगवलेलं लाकूड, जुनं फर्निचर यांचंही तेच.

हाच नियम पिंपाला. पत्र्याचं दोनशे लिटरचं पिंप कापून उत्तम स्मोकर होतो, जगभर लोक करतात. पण भिवंडी परिसरात रसायनांची गोदामंही आहेत आणि भंगारात येणारी पिंपं तिथलीही असतात. पिंप घ्यायचं तर खाद्यतेलाचं, आणि आतलं अस्तर पूर्ण जाळून काढल्यावरच. आगीजवळ जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा नको, फार तापला तर त्याच्या वाफा माणसाला आजारी पाडतात.

मग वापरायचं काय? आंबा. होमहवनासाठी आंब्याची वाळलेली लाकडं पूजासाहित्याच्या दुकानात मिळतात, ती स्वच्छ असतात आणि त्यांचा धूर सौम्य असतो. पेरूचं लाकूडही चांगलं. दोन्हींचा धूर कोंबडीला शोभतो.

बाभळीचा विचार वेगळा करावा लागतो. रस्त्याकडेला, पडीक जमिनीवर माजलेली वेडी बाभूळ ही आपली मूळची बाभूळ नव्हे. ती प्रोसोपिस कुळातली, अमेरिकेतून आलेली. टेक्सासमध्ये ज्या मेस्किटच्या लाकडावर मांस भाजतात, ते झाड याच कुळातलं. तिचा कोळसा कडक, बराच वेळ धग देणारा, तंदूरवाल्यांच्या आवडीचा. म्हणून कोळसा वेड्या बाभळीचा असेल तर फारच छान. पण तिचं लाकूड धुरासाठी घातलंत तर धूर उग्र येतो, तेव्हा पहिल्या वेळी नको.

करवंटी चालते, पण ती भडकन पेटते आणि तापमान एकदम चढवते. आग पेटवण्यापुरती ठीक. कण्हेर मात्र कोणत्याही रूपात नको, ती विषारी आहे, तिची काडीसुद्धा आगीत जाऊ देऊ नका.

लाकूड पाण्यात भिजवून घालायचा सल्ला पुष्कळ जण देतात. त्याने काही साधत नाही. पाणी लाकडाच्या वरच्या थरापलीकडे जात नाही, आणि ते उडून जाईपर्यंत नुसती वाफ आणि कोंदट धूर निघतो. उलट आपल्याला लाकूड वाळवण्याचीच काळजी घ्यावी लागते. जून ते सप्टेंबर भिवंडीची हवा इतकी दमट असते की उघड्यावरचं लाकूड आणि कोळसा दोन्ही ओल धरतात. पावसाळ्यात ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

४. मांस चिवट का होतं आणि मऊ का होतं

मांस म्हणजे स्नायूंचे धागे, आणि त्या धाग्यांना बांधून ठेवणारं कोलॅजन नावाचं प्रथिन. उष्णतेने या दोघांचं उलटसुलट होतं. धागे ५० अंशांपासून आकसू लागतात, ६५-७० च्या पुढे आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात, म्हणजे मांस कोरडं पडत जातं. कोलॅजन मात्र ७० च्या पुढेच विरघळायला लागतं आणि ८० ते ९५ च्या दरम्यान भराभर विरघळून त्याचं जिलेटिन होतं. पायाचा रस्सा रात्री फ्रिजमध्ये ठेवला की सकाळी थिजलेला मिळतो, ते हेच जिलेटिन. तेच मांसाला ओलावा आणि लुसलुशीतपणा परत देतं.

यावरून मांसाचे दोन वर्ग पडतात. ज्यात कोलॅजन कमी, ते ६५-७० वरच उतरवायचं, कारण पुढे गेलं तर फक्त सुकणार. कोंबडीची छाती यातली. ज्यात कोलॅजन भरपूर, ते ८५-९५ पर्यंत न्यायचं, कारण मधेच उतरवलं तर सुकलेलंही आणि चिवटही राहणार. बकऱ्याची दस्ती (पुढचा पाय), गर्दन, म्हशीचा सीना (छाती) यातले. जनावराने जो अवयव जास्त वापरला तिथे कोलॅजन जास्त, आणि जनावराचं वय जितकं अधिक तितकं ते कोलॅजन एकमेकांत घट्ट गुंतलेलं.

वयाचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा. ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांची असते, तिचं कोलॅजन कोवळं. गावठी कोंबडा कित्येक महिन्यांचा, कधी वर्षाच्या पुढचा. चवीला तो सरस, यात वाद नाही. रश्श्यात तो तासभर उकळला की जमतो. पण स्मोकरच्या कोरड्या हवेत तो दोरासारखा होतो. पहिल्या दिवशी गावठी नको.

बकऱ्याची अडचण दुसरीच. त्याची चरबी बहुतेक गुर्द्याभोवती आणि आतड्यांभोवती असते, कातडीखाली आणि मांसाच्या धाग्यांत फारच थोडी. डुकराच्या खांद्यात धाग्याधाग्यात चरबी असते, ती वितळत राहते आणि वेळ-तापमान चुकलं तरी मांस वाचतं. अमेरिकी पुस्तकं नवशिक्याला तो खांदा देतात ते यासाठी. आपल्या बकऱ्यात ही सवलत नाही. त्यात रान हा सगळ्यात मोठा, सगळ्यात महाग आणि तुलनेने कमी चरबीचा भाग. नवी माणसं हौसेने नेमकी तीच आधी लावतात. किलोमागे मटणाचा भाव कोंबडीच्या साधारण तिप्पट असतो, तेव्हा हा धडा फार महाग पडतो.

आणखी एक गोष्ट पुस्तकांत सापडणार नाही, कारण ती लिहिली जातात तिथे मांस थंड साठवणीतून येतं. आपल्याकडे पहाटे कापलेला बकरा सकाळी आठला घरात येतो. कत्तलीनंतर काही तासांत स्नायू ताठरतात आणि तो ताठरपणा सुटायला बकऱ्यात साधारण एक दिवस लागतो. कुकरमध्ये चार शिट्ट्या दिल्या की याने फरक पडत नाही, म्हणून आपल्याला कधी जाणवलंही नाही. स्मोकरवर तो लगेच जाणवतो. मटण आदल्या दिवशी आणून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नव्हे. ताठर होण्याआधीच गोठवलं तर ते जास्त आकसतं. कोंबडीचे स्नायू काही तासांतच सैल होतात, सकाळी आणलेली कोंबडी संध्याकाळी चालते.

५. मग लेगच का

पहिल्या दिवशी स्मोकर मांस शिजवण्यापेक्षा मालकाला शिकवण्याचं काम जास्त करतो. कुठे जास्त तापतं, छिद्र किती उघडलं की किती अंश चढतात, कोळसा किती वेळ टिकतो, हे प्रत्येक स्मोकरचं वेगळं असतं आणि कागदावर लिहिलेलं नसतं. एक मोठा तुकडा लावलात तर सहा तासांनी एकच उत्तर मिळतं: जमलं किंवा फसलं. आठ लेग लावलेत तर दीड तासात आठ उत्तरं मिळतात. डावीकडचे लवकर झाले, मागचे काळवंडले, मधले सावकाश झाले, असं सगळं समोर येतं. एखादा बिघडला तर सात राहतात.

दुसरं कारण, लेगमध्ये कोलॅजन आहे पण कोवळं आहे. तो ७४ अंशांना खायला सुरक्षित होतो आणि ८५ पर्यंत गेला तरी सुकत नाही, उलट मऊ होतो. छातीला इतकी मुभा नाही. अख्खी कोंबडी मी पहिल्या दिवशी सांगत नाही ती यामुळेच: तिच्या छातीला एक तापमान हवं, मांडीला दुसरं, आणि दोन्ही साधणं हे सरावाचं काम आहे.

तिसरं, कातडीखालची चरबी आतल्या मांसावर सावली धरते, आणि थोडी टपकून नव्या जाळीला, नव्या भिंतींना तेलही लावते.

दुकानात मात्र नीट सांगावं लागतं. आपल्याकडे चिकनवाला न विचारता कातडी सोलून टाकतो आणि सवयीने तुकडे करतो. ‘अख्खा लेग, मांडीसकट, कातडी ठेवून, चिरा न पाडता’ एवढं सुरीला हात घालण्याआधी सांगा.

६. पहिली बॅच, हिशेबासकट

मांस लावण्याआधी स्मोकर एकदा रिकामा पेटवा. नव्या पत्र्यावर यंत्राचं तेल आणि रंगाचा वास असतो. आतून जाळीला आणि भिंतींना खाद्यतेलाचा पातळ हात द्या आणि दोन-तीन तास चांगला तापू द्या. त्याच वेळी लादीपावाचे काप जाळीभर मांडून बघा. जिथला काप आधी करपेल ती जागा जास्त तापते.

तापमापक दोन हवेत, एक जाळीजवळच्या हवेसाठी, एक मांसात खुपसायला. झाकणावरच्या चकतीवर विसंबू नका, ती जाळीपासून लांब असते. मापक खरा आहे का ते घरीच कळतं: बर्फ घातलेल्या पाण्यात शून्य आणि उकळत्या पाण्यात १०० दाखवायला हवं. भिवंडी जवळजवळ समुद्रसपाटीलाच असल्याने इथे हे १०० बरोबर लागू पडतात.

आता मीठ. आठ लेग, प्रत्येकी सुमारे २५० ग्रॅम, म्हणजे २ किलो. मीठ वजनाच्या सव्वा टक्का, म्हणजे २५ ग्रॅम. चमच्याच्या अंदाजापेक्षा काट्यावर तोला. सकाळी चोळून उघडंच फ्रिजमध्ये ठेवा. मीठ आत मुरतं, स्नायूतली काही प्रथिनं सैल करतं आणि त्यामुळे शिजताना पाणी कमी सुटतं. उघडं ठेवल्याने कातडीचं वरचं पाणीही उडतं. वरून नुसती मिरपूड. आगरी मसाला, आलं-लसूण, दही हे सगळं पुढच्या वेळी, कारण आज लाकडाच्या धुराची चव कशी आली ते कळायला हवं. साखर तर नकोच, ती लवकर करपते.

संध्याकाळी चारला कोळसा पेटवा. पावणेपाचपर्यंत हवा १४० अंशांवर स्थिर करा. ११० वर लावायचा सल्ला तुम्ही वाचला असेल, तो मोठ्या तुकड्यांसाठी आहे. कोंबडीची कातडी त्या तापमानात रबरासारखी होते. आंब्याचे मुठीएवढे दोन तुकडे कोळशावर ठेवा, धूर निळसर होईपर्यंत थांबा, मग लेग मांडा, एकमेकांना न चिकटवता. झाकण लावलं की पाऊण तास उघडायचं नाही. प्रत्येक वेळी झाकण उघडलं की साठवलेली उष्णता जाते आणि आगीला एकदम हवा मिळून ती भडकते.

साडेपाचला पहिलं मोजमाप घ्या, मापकाचं टोक मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न लावता. साधारण सव्वासहाच्या सुमारास ते ८० च्या आसपास येतील. इथे एक प्रयोग करा. एक लेग ७४ ला काढा, एक ८० ला, एक ८५ ला, आणि तिन्ही चाखून बघा. तुमच्या घराला कुठला आवडतो ते एकदाच ठरेल आणि कायमचं कामाला येईल. बाकीच्यांची कातडी कुरकुरीत हवी असेल तर शेवटी दोन मिनिटं थेट निखाऱ्यावर धरा.

कापल्यावर कातडीखाली गुलाबी कडा दिसेल. पाहुणे कच्चं म्हणून बाजूला सारतील. आगीतून निघणारे नायट्रिक ऑक्साईड आणि कार्बन मोनॉक्साईड मांसातल्या रंगद्रव्याशी जोडले जातात आणि तो गुलाबी रंग शिजल्यावरही टिकतो. रंगावर जाऊ नका, मापकावर जा. मापकाने ७४ दाखवले असतील तर मांस शिजलेलं आहे.

७. दुसऱ्या खेपेला दस्ती

लेग दोनदा-तीनदा मनासारखे झाले की बकऱ्याची दस्ती घ्या, म्हणजे पुढचा पाय खांद्यासकट, एक ते दीड किलोची, अख्खी. रानेपेक्षा हिच्यात कोलॅजन जास्त आणि धीर धरला तर फळ मोठं. हवा १२० अंश. पहिले अडीच-तीन तास उघडी धुरात.

इथे एक गोष्ट घाबरवते. ६५-७० च्या आसपास मांसाचं तापमान चढायचं थांबतं, कधी तासभर हलत नाही. स्मोकर बिघडलेला नसतो. माठातलं पाणी जसं बाहेर पाझरून उडताना माठाला गार ठेवतं, तसंच मांसातून वर येणारा ओलावा उडताना मांसाला गार करतो. आग वाढवू नका. दस्ती दोन-चार चमचे यखनीबरोबर फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, ओलावा उडायचा थांबेल आणि तापमान पुन्हा चढेल. बकऱ्याच्या अंगात चरबी थोडी, त्यामुळे गुंडाळणं इथे गरजेचंच आहे. ९३-९५ ला काढा, अर्धा तास तशीच राहू द्या. हाड हाताने ओढून निघालं पाहिजे.

मासळीचं थोडक्यात: बांगडा तेलकट असल्याने धूर छान धरतो आणि तासाभरात होतो. पण त्याचा वास जाळीत बसतो, म्हणून जाळी नवी असताना नको. म्हशीचा सीना सगळ्यात शेवटी. जनावर बहुधा वयस्क, मांसात चरबी कमी आणि कोलॅजन जुनं, म्हणजे आठ-दहा तास आग एकसारखी राखावी लागते.

८. जागा आणि जपणूक

स्मोकर उघड्या गच्चीवर किंवा अंगणात, कधीही बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या गॅलरीत नाही. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि तो जीव घेतो. भिवंडीत आणखी एक काळजी: यंत्रमागाच्या शेडजवळ कापसाचे तंतू सतत उडत असतात, पत्र्यांवर, खिडक्यांत साठतात. एक ठिणगी पुरते. शेडपासून लांब राहा, बादलीभर पाणी आणि वाळू हाताशी ठेवा आणि राख दुसऱ्या दिवसापर्यंत कचऱ्यात टाकू नका.

कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मांस ५ ते ६० अंशांच्या दरम्यान फार वेळ राहू देऊ नका, जंतू याच पट्ट्यात वाढतात. आग विझली आणि पुन्हा पेटायला वेळ लागणार असेल तर लेग सरळ कुकरमध्ये किंवा ओव्हनमध्ये पुरे करा.

आणि हे रोजचं जेवण नव्हे. धुरात बेंझोपायरीनसारखी घातक द्रव्यं असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पहिल्या गटात टाकलं, आणि टिकवण्यासाठी किंवा चवीसाठी धूर दिलेलं मांसही त्या व्याख्येत येतं. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, घरच्यांसोबत, स्वच्छ लाकडाच्या निळसर धुरावर, इतपत ठीक.

बकरी ईदला घरात मटण भरपूर येतं आणि पाहुण्यांसमोर दस्ती लावायचा मोह होतोच. तो जरूर पुरा करा, पण लेगची पहिली बॅच त्याच्या किमान महिनाभर आधी करा, आणि ईदच्या दिवशी आलेली दस्ती रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी लावा.